कारणविषयक युक्तिवादाचे दुर्बलीकरण
दोन घटना सोबत वा एकीमागून एक आढळतात, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण होय असे सांगणाऱ्या युक्तिवादाचा आधार शिथिल करण्याची क्रिया. निष्कर्ष असत्य ठरविणे हा तिचा हेतू नसतो. आधारविधाने मान्य करूनही निष्कर्षाची संभाव्यता घटते, एवढेच दाखवावयाचे असते. अमेरिकेतील विधिमहाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेत असे प्रश्न नेहमी येतात. एक लहानसा उतारा देऊन, खरा मानल्यास कोणता पर्याय त्यातील युक्तिवाद सर्वाधिक दुर्बळ करील, असे त्यात विचारलेले असते.

केवळ पूर्ववर्ती असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हा विचार भारतीय तर्कशास्त्राला परिचित आहे. माती वाहून आणणारे गाढव घटाच्या आधी हजर असले, तरी नैयायिक त्यास घटाचे कारण न म्हणता ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

आक्षेपाचे स्वरूप धूम्रपानविषयक वादात उत्तम दिसते. रिचर्ड डॉल (१९१२–२००५) व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे केवळ २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर रोगांच्या तितक्याच पुरुष रुग्णांत ते २७ होते. संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांनी यावर दोन शंका घेतल्या. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवणता ही दोन्ही एकाच आनुवंशिक घटकातून उद्‌भवत असतील; किंवा रोगाच्या पूर्वावस्थेतील दाहामुळेच मनुष्य सिगारेटकडे वळत असेल. पहिलीत समान कारण, तर दुसरीत कार्यकारणांची उलटापालट सुचविली आहे. परीक्षेतील योग्य पर्याय पुष्कळदा यांपैकीच एक असतो. याउलट, एखादा धूम्रपान करणारा नव्वद वर्षे जगला, हा पर्याय फसवा होय. कारण मूळ दावा प्रमाणाविषयी आहे, प्रत्येक व्यक्तीविषयी नाही. फिशर तंबाखू-उत्पादकांचे सल्लागार होते, हे खरे. परंतु तेवढ्याने त्यांची शंका तर्कदृष्ट्या बाद होत नाही.

परीक्षेत पर्याय सत्य मानावयाचा असल्याने काम तेथेच संपते. व्यवहारात मात्र पर्यायी कारणालाही पुराव्याची कसोटी लागते, आणि ती लावली नाही तर कोणताही निष्कर्ष अनंत काळ लांबणीवर टाकता येतो. जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ही कसोटी लावली. सिगारेट ओढणाऱ्यांत रोगाचा धोका नऊपट असेल आणि सिगारेट स्वतः निरुपद्रवी असेल, तर तो अज्ञात घटक त्यांच्यात इतरांच्या निदान नऊपट प्रमाणात आढळला पाहिजे. असा घटक कोणी दाखविला नव्हता. शिवाय धूम्रपान सोडल्यानंतर धोका कमी होतो, असे १९५१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घकालीन पाहणीत आढळले. सवय सोडल्याने आनुवंशिक घटक बदलत नसल्यामुळे फिशर यांच्या पहिल्या शंकेने या घटीचा उलगडा होत नाही.