तीन की एक?

शाळा खेड्यातली असो की शहरातली, ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला म्हणजे एक प्रश्न हटकून येतो: "गुरुजी, यांचे देव तीन की एक?" प्रश्न भाबडा नव्हे. खुद्द ख्रिस्ती आचार्य इ. स. 325 च्या निकेआ परिषदेनंतरही बरीच वर्षे त्यावर भांडले.

त्यांचे उत्तर असे. देव एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्याचे तीन भाग नव्हेत, तीन सोंगेही नव्हेत. स्वरूप एक, व्यक्ती तीन. ऐकणारा म्हणतो, "हे काही डोक्यात शिरत नाही बुवा!" मग आपण त्रिमूर्तीकडे बोट दाखवतो, पण उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी इथे नाही.

हे आपल्याकडच्या शब्दांत सांगण्याचे धाडस ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी केले. जन्माने बंगाली ब्राह्मण. 1891 साली कॅथलिक झाले, पुढे भगवी वस्त्रे घेतली. 1898 साली त्यांनी 'वन्दे सच्चिदानन्दम्' हे संस्कृत स्तोत्र रचले. देव आहे, हे सत्. पण सृष्टी नव्हती तेव्हा तो जाणत होता कोणाला? स्वतःलाच. ते परिपूर्ण आत्मज्ञान, म्हणजे चित्, तोच पुत्र. दोघांमधला आनंद तो पवित्र आत्मा. जाणायला किंवा प्रेम करायला देवाला बाहेरचे कुणी लागत नाही.

वेदान्ती म्हणेल, हे तर आमचेच! इथेच जपावे लागते. वेदान्तात सत्, चित्, आनंद हे एका ब्रह्माचे स्वरूप. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. ख्रिस्ती मतात पिता आणि पुत्र एकमेकांना 'तू' म्हणतात.

देहधारणेचेही तसेच. आपण चटकन 'अवतार' म्हणून मोकळे होतो. अवतार कार्य संपवून निजधामास जातो, गरज पडली की पुन्हा येतो. 451 च्या काल्सेदोन परिषदेने ठरवले, की एकाच ख्रिस्तात देवत्व पूर्ण आणि माणूसपणही पूर्ण. त्याला भूक लागली, तो रडला, मेला. ही लीला नव्हे. आणि हे एकदाच. घेतलेले माणूसपण त्याने पुन्हा उतरवून ठेवले नाही.

1899 साली उपाध्यायांनी जबलपूरला नर्मदेकाठी मठ मांडला. आपल्या नागपूरचे तेव्हाचे बिशप पेल्व्हा अनुकूल होते. रोमचे प्रतिनिधी नव्हते. मठ मोडला. 1907 साली, राजद्रोहाचा खटला चालू असतानाच, उपाध्याय वारले. ते स्तोत्र मात्र आज भारतातल्या कॅथलिक उपासनेत गातात.