सुरक्षित जागा, पण कोणापासून?

ऑरेंजमध्ये संत्री पिकत नाहीत. सिडनीच्या पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, कॅनोबोलास डोंगराच्या थंडीत वसलेलं हे गाव सफरचंदांचं, चेरीचं आणि वाइनच्या द्राक्षांचं. नाव पडलं ते युरोपातल्या ऑरेंजच्या राजपुत्रावरून. तेव्हा नागपूरकरांनी उगाच नातं जोडायला जाऊ नये. गावाला खरी ओळख दिली सोन्याने. 1851 मध्ये जवळच्या ओफीरला सोनं सापडलं आणि आजही शेजारी कॅडियाची मोठी खाण चालू आहे.

ऑरेंज ज्या राज्यात येतं, त्या न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत 93 जागा आहेत. त्यांतली ऑरेंजची जागा 1947 साली चार्ल्स कटलर यांनी कंट्री पार्टीसाठी जिंकली. शेतकऱ्यांचा, खेड्यापाड्यांचा हा पक्ष. पुढे त्याचं नाव नॅशनल्स झालं. कटलर तिथून 28 वर्षं निवडून येत राहिले, राज्याचे उपमुख्यमंत्रीही झाले. त्यांच्यानंतर चेहरे बदलले, पक्ष बदलला नाही. आपण ज्याला बालेकिल्ला म्हणतो, तो हाच.

ऑस्ट्रेलियात हे बालेकिल्लापण आकड्यात मोजतात. तिथे मत देताना आवडत्या उमेदवारापुढे 1, मग 2, 3 असे आकडे लिहायचे असतात. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही भानगड परकी नाही. तळाचा उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहून मतं वाटली जातात. अखेर दोघे उरतात. त्या दोघांतली विभागणी जागा किती पक्की ते सांगते. साठ टक्क्यांच्या वर असेल तर जागा सुरक्षित, छप्पनच्या खाली असेल तर काठावरची. माल्कम मॅकेरास या अभ्यासकाने 1972 मध्ये अशा सगळ्या जागा घड्याळाच्या लंबकासारख्या चित्रात मांडल्या. किती टक्के मतं फिरली की कुठली जागा पडेल, हे त्यावरून एका नजरेत कळतं. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत वर्तमानपत्रांना हा लंबक लागतोच.

2015 मध्ये या लंबकावर ऑरेंजपुढे आकडा होता 21.7. म्हणजे प्रतिस्पर्धी मजूर पक्षाला ही जागा घ्यायची तर दर शंभरात जवळजवळ बावीस मतदार इकडचे तिकडे व्हायला हवेत. इतकी पक्की जागा असली की पुढचं सगळं ठरलेलं. मोठी आश्वासनं आणि बड्या नेत्यांचे दौरे काठावरच्या मतदारसंघांत जातात. पक्क्या जागेच्या वाट्याला येतं गृहीत धरलं जाणं. घरचाच माणूस आहे, जाणार कुठे?

मग आलं 2016. शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना सरावासाठी जिवंत प्राण्यांवर सोडतात, हे टीव्हीच्या कॅमेऱ्याने आधीच्या वर्षी उघडं पाडलं होतं. निवृत्त न्यायमूर्ती मायकल मॅकह्यू यांचा चौकशी अहवाल आला. बारा वर्षांत किमान 48 हजार कुत्री केवळ वेगात कमी पडली म्हणून मारली गेल्याचा त्यांचा निष्कर्ष. जुलैत मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी हा खेळच बंद करण्याची घोषणा केली. सत्ताधारी आघाडीतल्या नॅशनल्सचे नेते आणि उपमुख्यमंत्री ट्रॉय ग्रँट त्यांच्या बाजूने उभे राहिले. निर्णयामागची दया खरी होती, असं मला वाटतं. पण छोट्या गावांत परसदारी दोन-चार कुत्री पाळून शनिवारची शर्यत गाठणाऱ्या माणसाला त्यात एकच गोष्ट दिसली: सिडनीवाल्यांनी आपल्याला न विचारता ठरवलं, आणि आपला पक्ष मान डोलावत बसला.

त्यातच ऑरेंज, कॅबॉन आणि ब्लेनी या तीन स्थानिक कौन्सिलांचं विलीनीकरण करायचा घाट सरकारने घातला. कुत्र्यांशी संबंध नसलेलेही त्यामुळे चिडले. गावाची कौन्सिल म्हणजे रस्ता, कचरा, ग्रंथालय आणि ओळखीचा कारकून. ऑक्टोबरात बेअर्ड यांनी ग्रेहाउंडवरची बंदी मागे घेतली, पण तोवर वेळ गेली होती. ऑरेंजचे आमदार अँड्र्यू गी राजीनामा देऊन केंद्रीय संसदेत गेले होते आणि 12 नोव्हेंबरला पोटनिवडणूक लागली होती.

मतदानाचा दिवस तिथे शनिवार, जागा बहुधा शाळा. फाटकाशी पक्षांचे कार्यकर्ते कुठला आकडा कुठे लिहायचा त्याच्या चिठ्ठ्या हातात कोंबतात. बाजूला पालकसंघाची मंडळी शाळेच्या मदतीसाठी लोखंडी तव्यावर सॉसेज आणि कांदा परततात आणि पावाच्या तुकड्यात गुंडाळून देतात. या ‘डेमोक्रसी सॉसेज’ला 2016 मध्येच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय शब्दकोश केंद्राने वर्षाचा शब्द ठरवलं. आत पुठ्ठ्याचा आडोसा, एक पेन्सिल आणि रिकाम्या चौकटींचा कागद. मत न दिल्यास 55 डॉलर दंड. आपल्याकडे स्वतःच्या पक्षावर रुसलेला मतदार त्या दिवशी घरी झोपतो. तिथे त्याला त्या कागदासमोर उभं राहावंच लागतं, आणि रागही कुठल्या तरी चौकटीत लिहावा लागतो.

ऑरेंजने तो लिहिला. नॅशनल्सची पहिल्या पसंतीची मतं दीड वर्षात निम्म्यावरही राहिली नाहीत. तरी पक्ष पुढेच होता. आपल्या पद्धतीने मोजलं असतं तर त्याचा उमेदवार गुलाल उधळत बाहेर पडला असता. मागे होते पोलीस खात्यातून आलेले फिलिप डोनॅटो, ‘शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स’ पक्षाचे. शिकारी, मासेमार आणि शेतकरी यांचा हा पक्ष विधानसभेची जागा तोवर कधी जिंकला नव्हता. मग एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्यांची मतं डोनॅटोंकडे जास्त वळली. या राज्यात पुढचे आकडे लिहिणं ऐच्छिक आहे. नुसता 1 लिहून थांबलेल्यांची मतं त्यांचा उमेदवार बाद झाला की तिथेच संपतात. इतक्या चुरशीत अशी प्रत्येक मतपत्रिका महागात पडते. फेरमोजणीनंतर डोनॅटो निवडून आले, 50 मतांनी.

निकाल पक्का होण्याआधीच ग्रँट यांनी पक्षाचं नेतेपद सोडलं. जानेवारीत बेअर्ड राजकारणातूनच गेले आणि फेब्रुवारी 2017 मध्ये नव्या मुख्यमंत्री ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांनी ऑरेंजचं विलीनीकरण गुंडाळलं. सात दशकांच्या निष्ठेला जे जमलं नव्हतं, ते एका पोटनिवडणुकीने करून दाखवलं.

मग 21.7 चा आकडा खोटा होता का? मुळीच नाही. त्याचा अर्थ लावताना चूक झाली. हे अंतर फक्त मजूर पक्षापासूनचं होतं, आणि ऑरेंज काही मजूर पक्षाकडे गेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे न वळलेल्या शेतकऱ्याला तिसरं दार सापडलं, एवढंच. लंबकाला एकच रेष माहीत होती, मतदार तिच्यावरून चाललेच नाहीत.

डोनॅटो 2019 मध्ये मोठ्या फरकाने पुन्हा आले. 2022 च्या डिसेंबरात पक्षनेत्याशी बिनसल्यावर त्यांनी पक्ष सोडला आणि 2023 मध्ये अपक्ष म्हणून सहज जिंकले. ज्यांच्या राजीनाम्यामुळे ही सगळी कथा सुरू झाली, ते अँड्र्यू गीही त्याच डिसेंबरात नॅशनल्समधून बाहेर पडले. मे 2025 मध्ये कॅलेअरची केंद्रातली जागा त्यांनी आपल्याच जुन्या पक्षाला हरवून अपक्ष म्हणून राखली. ऑरेंज शहर त्याच मतदारसंघात येतं. म्हणजे त्या निवडणुकीनंतर ऑरेंजचा आमदारही अपक्ष आणि खासदारही अपक्ष.