कोड रिव्ह्यूचं टूल बदलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘सगळा कोड नव्या टूलवर न्यायचा म्हणजे महिनाभर काम ठप्प,’ ही भीती टूल बदलायचा विषय निघाला की हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोडला हातही लागत नाही. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचं उदाहरण घ्या. रस्ट आणि स्विफ्ट या भाषांचे कंपायलर त्याच्यावर उभे आहेत. त्याचा कोड २०१९ मध्येच सबव्हर्जन सोडून गिटहबवर आला होता. रिव्ह्यू मात्र फॅब्रिकेटर या जुन्या रिव्ह्यू टूलवरच चालत राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये ते गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर आले, तेव्हा कोड होता तिथेच राहिला. जागा बदलली ती कोडभोवतीच्या चर्चेने: हा बदल का केला, दुसरा मार्ग का सोडला, हरकत कोणी आणि कशाला घेतली. टूल बदलताना सांभाळायचं असतं ते हेच.

‘जुनं चाललंय की, मग ही हौस कशाला?’ हौस नसते. फेसबुकमध्ये जन्मलेल्या फॅब्रिकेटरची सक्रिय देखभाल १ जून २०२१ पासून थांबली. असं टूल दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, पण त्यातल्या त्रुटी दुरुस्त करण्याचा भार वापरणाऱ्यांवर येतो. फॅब्रिकेटर वापरणाऱ्यांनी ‘फोर्ज’ नावाने त्याची पुढची आवृत्ती सुरू केली, म्हणजे तिथेच राहण्याचा मार्गही खुला होता. दोन्ही मार्ग रास्त आहेत; काहीच न ठरवता बसून राहणं मात्र धोक्याचं.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा: ‘चर्चा काय, गिटमध्ये असतेच.’ गिटमध्ये कमिट आणि त्यांचे संदेश असतात. फॅब्रिकेटर आणि गिटहबवरच्या कमेंट त्या-त्या टूलच्या डेटाबेसमध्ये राहतात. (गेरिट हे रिव्ह्यू टूल याला अपवाद. तिथे कमेंटसुद्धा गिटमध्येच साठवल्या जातात.) जुना सर्व्हर बंद केला की त्या कमेंट गेल्या. एलएलव्हीएमच्या हजारो कमिट-संदेशांत ‘डी’पासून सुरू होणाऱ्या रिव्ह्यू क्रमांकाची लिंक आहे, आणि ते क्रमांक दीड लाखाच्या पुढे गेले होते. या लिंक तुटल्या असत्या, तर दहा वर्षांपूर्वीची एखादी विचित्र दिसणारी अट तशी का लिहिली, हे शोधण्याचा रस्ताच संपला असता. प्रकल्पाने जुन्या चर्चा नव्या टूलमध्ये कोंबल्या नाहीत. फक्त वाचता येईल असं संग्रहण करून ठेवलं आणि पत्ते तेच राखले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. चर्चा नव्या टूलमध्ये ओतताना कमेंट कोणाची आणि कोणत्या ओळीवर होती, याचे धागे सहज तुटतात.

पुण्यातल्या इंजिनिअरचा पॅच कॅलिफोर्नियातला रिव्ह्यूअर तपासतो, तेव्हा दोघांच्या कामाच्या वेळा क्वचितच जुळतात. लिहिलेली कमेंट हाच त्यांचा संवाद असतो. तिची किंमत अशा टीमला वेगळी सांगावी लागू नये.

‘बटणं वेगळी, काम तेच’ हेही खरं नाही. फॅब्रिकेटरमध्ये पॅच सुधारून पाठवला की आधीची आवृत्ती शाबूत राहायची आणि कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता यायच्या. गिटहबवर तीच सवय नेली, म्हणजे कमिट सुधारून फोर्स पुश केलं, की मागच्या रिव्ह्यूनंतर नेमकं काय बदललं हे कळणं अवघड होतं आणि ओळींवरच्या कमेंट ‘जुन्या’ ठरून झाकल्या जातात. म्हणून एलएलव्हीएमने सवयच बदलायला सांगितली: दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये जोडा, शेवटी सगळ्यांचा एकच कमिट करून मर्ज करा. एकावर एक अवलंबून असलेले पॅच हा दुसरा पेच. फॅब्रिकेटरला ते नातं ठाऊक असायचं. गिटहबवर त्यासाठी मुख्य रिपॉझिटरीतच, कमिटचा अधिकार असलेल्यांना, स्वतःच्या नावाच्या ब्रँच काढायची मुभा द्यावी लागली. मोठा बदल लहान तुकड्यांत पाठवणाऱ्या टीमने टूल निवडण्याआधी आपलाच एखादा असा बदल त्यावर चालवून पाहावा.

‘नव्या टूलने रिव्ह्यू झटपट होतील’ या आशेलाही आधार कमी. बाकेली आणि बर्ड या संशोधकांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास मांडला. त्यात खरी अडचण निघाली ती समोरचा बदल समजून घेण्याची. चौदाशे ओळींचा पॅच नव्या पडद्यावरही चौदाशे ओळींचाच राहतो.

राहिला ‘शुक्रवारी बंद, सोमवारी सुरू’ हा बेत. एलएलव्हीएममध्ये नवे रिव्ह्यू पुल रिक्वेस्टवर सुरू झाल्यावरही चालू असलेले रिव्ह्यू जुन्या जागी पुरे करायला अवधी दिला गेला. त्या काळात आणखी एक गोष्ट तपासायची असते, आणि ती फार सहज निसटते. ‘या फोल्डरला कोणी हात लावला तर मला कळव,’ असे वैयक्तिक नियम फॅब्रिकेटरच्या ‘हेराल्ड’मध्ये लोकांनी लिहून ठेवलेले होते. ते आपोआप सोबत आले नाहीत. गिटहबवर त्यांच्या जागी फाइलच्या जागेवरून लागणारी लेबलं आणि प्रत्येक लेबलासाठी सूचना घेणारे गट आले, आणि आपल्या विषयाच्या गटात ज्याने-त्याने स्वतः नाव घालायचं होतं.