कासवाच्या पाठीवरचा बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे!

मच्छीमार बंधू-भगिनींनो, जाळ्यात अडकलेलं कासव सोडवताना पाठीला हात लावला की हात घसरतो. वर तपकिरी-पिवळसर थर असतो. कुणी म्हणतं शेवाळ, कुणी म्हणतं कासव आजारी आहे. एखादा खलाशी तर चांगल्या मनानेच सुरी घेतो आणि पाठ खरवडून मग कासव सोडतो. तसं करू नका. का, ते वाचा.

🔹 हा थर कसला?

त्यात मोठा वाटा असतो डायटमचा. डायटम म्हणजे एकाच पेशीची वनस्पती, साध्या डोळ्यांना न दिसणारी. मराठीत तिला करंडक म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. कुंकवाच्या करंड्यासारखी खाली डबी, वर झाकण, आणि ही डबी काचेच्या जातीच्या पदार्थाची, म्हणजे सिलिकाची. होडी पाण्यात ठेवली की थोड्याच दिवसांत तळाला जो बुळबुळीतपणा येतो, त्यातही हेच डायटम असतात. शिंपले, बार्नेकल नंतर येतात.

पण होडीवरचे आणि कासवावरचे सगळे डायटम एकच नाहीत. कोस्टा रिका देशात ऑस्तियोनाल नावाचा किनारा आहे. ओडिशासारखीच तिथेही ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. आपल्या मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला येतं तेच हे कासव. तिथल्या कासवांच्या पाठीवर सापडलेल्या डायटमांचे दोन नवे गट 2015 साली जगापुढे आले: चेलोनिकोला आणि पौलिनिया. चेलोनिकोलाचा अर्थच "कासवावर राहणारा".

🔹 ओळखतात कसं?

लांबून येणारी होडी कुणाची, हे आपण नाळेवरून, बांधणीवरून सांगतो. इथेही तसंच.

कासव अंडी घालायला वर आलं की परवानगी असलेले अभ्यासक मऊ ब्रशने पाठीवरचा थोडासा थर घेतात. मग आम्लाने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यातला सेंद्रिय भाग जाळून टाकतात. उरते ती नुसती काचेची डबी. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. फार बारीक असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

मग बघायचं ते असं: आकार होडीसारखा, गोल की पाचरीसारखा? मधोमध सरकण्यासाठीची फट आहे का, आणि कुठपर्यंत? कडेच्या रेषा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात किती बसतात? भोकं कशी, किती ओळींत? चेलोनिकोला आणि पौलिनिया एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळते. या घडणीचे डायटम निमुळत्या टोकाने चिकट देठावर उभे राहतात.

🔹 आपल्याला काय त्याचं?

डायटम ओळखण्याचा धंद्याशी संबंध जुना आहे. फ्रॅजिलारिया ओशनिका हा डायटम दिसू लागला की तारली भरपूर मिळते, असं मलबार किनाऱ्याच्या अभ्यासातून 1955 सालीच मांडलं गेलं. तारली खाते तेच मुळी डायटम!

कासवाचं म्हणाल तर ते कुठे हिंडतं, हे आपल्याला फक्त किनाऱ्यावर दिसतं तेवढंच कळतं. 2023 मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पण प्रत्येक कासवाला टॅग लावणं परवडत नाही. पाठीवरचे डायटम ओळखून कासवाच्या वाटचालीचा आणि तब्येतीचा अंदाज येईल का, हेच अभ्यासक शोधत आहेत. सुरीने खरवडलं की ती नोंद पुसली जाते. शिवाय कवचात जिवंत हाड असतं, जखम झाली तर त्यातून रोग शिरतो.

🔹 जाळ्यात कासव आलं तर

✅ पाठ खरवडू नका, बार्नेकल उपटू नका, डिझेल लावू नका.

✅ हालचाल करत असेल तर इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळं पाण्यात नसताना, हलक्या हाताने सोडा.

✅ निपचित असेल तर मेलं समजून फेकू नका, ते बुडून मरेल. पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ओलं कापड घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. शुद्धीवर यायला कधी 4 तास, कधी 24 तासही लागतात.

✅ पातळ तपकिरी थर हा आजार नाही. पण कासव हडकुळं आहे, बुडी मारता येत नाही, कातडीवर, पोटावर बार्नेकलचा खच आहे, असं दिसलं तर ते खरंच अशक्त आहे. लगेच वन खात्याला कळवा.

कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. त्याला जसं आलं तसं, पाठीवरच्या बिऱ्हाडासकट, दर्यात परत जाऊ द्या.

आपल्या तांडेलांना, खलाशांना ही पोस्ट नक्की दाखवा. 🐢