रंग निवडणारा आरसा

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर डिझेल सांडलं की इंद्रधनुषी तवंग पसरतो. ते रंग डिझेलचे नसतात. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात. काही रंग बळावतात, काही मावळतात. हे व्यतिकरण. तेच मोजूनमापून काचेवर उतरवलं की व्यतिकरण फिल्टर तयार होतो.

समोरासमोरच्या दोन अर्धपारदर्शक आरशांतून ठरावीक तरंगलांब्याच पार होतात. फ्रान्सच्या फाब्री आणि पेरो यांनी 1899 मध्ये यावर उपकरण उभं केलं; 1939 मध्ये जर्मनीच्या वाल्टर गेफ्केन यांनी ती रचना पातळ थरांत बसवली. आता आरशांच्या जागी निर्वात पात्रात टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिका यांचे थर आलटूनपालटून चढवतात. हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी सिलिकाचा पाव तरंगलांबीचा थर जेमतेम 112 नॅनोमीटर जाड असतो. डोक्यावरचा केस त्याच्या काहीशे पट जाड!

फिल्टर पारखताना तीन आकडे पाहावेत. मध्य तरंगलांबी, म्हणजे कोणता रंग. पट्ट्याची रुंदी, म्हणजे किती काटेकोर. आणि रोधनक्षमता, म्हणजे बाकीचा प्रकाश किती अडतो. रोधन 4 असेल, तर नको असलेल्या प्रकाशाचा दहा हजारावा भागच पार होतो.

चौथी गोष्ट हातात धरून कळते. असा लाल फिल्टर पिवळ्या दिव्यासमोर धरा आणि हळूहळू तिरका करा. लाल रंग नारिंगीकडे सरकतो. प्रकाश तिरका शिरला की पट्टा कमी तरंगलांबीकडे जातो. थरांचा परिणामी अपवर्तनांक 2 धरला, तर 10 अंशांच्या कलाने 656.3 चा पट्टा सुमारे 653.8 वर येतो. फिल्टर 3 नॅनोमीटर रुंदीचा असेल, तर हवी ती वर्णरेषाच निसटते. म्हणून तो सरळ बसवणं ही निम्मी लढाई.

असे फिल्टर अवकाशातही पोहोचले आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली घडलेली 'सूट' दुर्बीण 2 सप्टेंबर 2023 रोजी आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानाबरोबर झेपावली. तिच्यात 11 फिल्टर आहेत, त्यांतले आठ अरुंद पट्ट्याचे. 200 ते 400 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशातून ते सूर्याच्या वातावरणाचे वेगवेगळे स्तर दाखवतात.

हौशी निरीक्षकांना एकच कळकळीची विनंती: रात्रीच्या तेजोमेघांसाठी बनवलेला हायड्रोजन फिल्टर लावून सूर्याकडे कधीही पाहू नका. त्याचं रोधन सूर्यासाठी नसतं, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही.