कॅपो लावला, आता सूर कुठे शोधायचा?

गणपतीत इंदूरला आत्याकडे घरगुती गाण्याची बैठक होती. आत्या पेटीवर, मी गिटारवर. ती म्हणाली, "माझी पट्टी काळी चार हं!" मी लगेच कॅपो चौथ्या फ्रेटवर लावला आणि जी कॉर्ड वाजवली. पेटी एकीकडे, गिटार दुसरीकडे! भावंडं हसली आणि पुढचा सगळा वेळ मी टाळ वाजवत बसले.

तुम्हीही नव्याने गिटार शिकत असाल तर असा गोंधळ तुमचाही होऊ शकतो. तो टाळण्यासाठी थोडं मोजता आलं की पुरे.

कॅपो काय करतो?

कॅपो म्हणजे सहाही तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर. सुरांचा क्रम असा: सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी आणि पुन्हा सी. ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये शार्प नाही, हे विसरू नका.

आकार एक, सूर दुसरा

बोटांचा आकार ज्या कॉर्डचा, तिथून कॅपोच्या फ्रेटइतकी घरं पुढे मोजा. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर असेल तर जीचा आकार ए वाजतो आणि सीचा आकार डी. बीटल्सच्या 1969 सालच्या 'हिअर कम्स द सन'मध्ये कॅपो सातव्या फ्रेटवर आहे. जॉर्ज हॅरिसन डीचा आकार धरतो, पण ऐकू येतो ए.

पेटीशी जुळवताना

आपल्याकडे गाणारे पट्टी सांगतात ती पेटीच्या पट्ट्यांवरून. पांढरी एक म्हणजे सी. नेहमी लागणाऱ्या काही पट्ट्या लक्षात ठेवा:

• काळी एक (सी शार्प): सीचा आकार, कॅपो 1
• काळी दोन (डी शार्प): सीचा आकार, कॅपो 3
• काळी चार (जी शार्प): जीचा आकार, कॅपो 1
• काळी पाच (ए शार्प): जीचा आकार, कॅपो 3

म्हणजे 'काळी चार'मधला चार हा पेटीवरचा क्रमांक आहे, फ्रेटचा नाही. माझी चूक इथेच झाली. जीपासून चार घरं पुढे गेल्यावर मी चक्क बी वाजवत होते!

ठिपक्यांनी फसू नका

बहुतेक गिटारवर 3, 5, 7, 9 आणि 12 या फ्रेटवर ठिपके असतात. कॅपो लावला तरी ते जागचे हलत नाहीत, पण तुमची मोजणी मात्र आता कॅपोपासून सुरू होते. कॅपो दुसऱ्यावर असेल तर तुमचा तिसरा फ्रेट म्हणजे गिटारचा पाचवा. मोकळ्या तारेचा वरच्या सप्तकातला सूर बाराव्याऐवजी चौदाव्या फ्रेटवर मिळेल. टॅब वाचतानाही आकडे सहसा कॅपोपासूनच मोजलेले असतात.

लावताना काळजी घ्या

• कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे लावा.
• फार घट्ट आवळला तर सूर चढतो, सैल राहिला तर तारा खरखरतात.
• लावल्यावर प्रत्येक तार वेगळी वाजवून पाहा आणि ट्यूनरवर पुन्हा जुळवा.

घरी आल्यावर मी कागदावर बारा सूर लिहून मोजत बसले, तेव्हा एक गंमत कळली. त्या दिवशी चौथ्या फ्रेटवर जीऐवजी ईचा आकार धरला असता, तर काळी चारच वाजली असती! कॅपोची जागा बरोबर होती, आकार तेवढा चुकला. यंदा आत्याकडे जाताना तो कागद गिटारच्या कव्हरमध्ये ठेवणार आहे. टाळ कुणीतरी दुसऱ्यानेच वाजवावेत!