हिंगोल : समुद्रातून उठलेले वाळवंट

हिंगलाज हे नाव महाराष्ट्राला परके नाही. भावसार समाजाची ती कुलदेवता. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज या गावाच्या नावातही तो शब्द ऐकू येतो. आमच्या घरी लग्नपत्रिकेवर पहिले नाव तिचेच असते. पण ही देवी नेमकी आहे तरी कोठे, असे विचारले की वडीलधारी मंडळी ‘लांब, तिकडे वाळवंटात’ एवढेच सांगत. शोध घेऊ लागलो तेव्हा समजले की, पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतातील हिंगोल राष्ट्रीय उद्यानात हे स्थान आहे. आणि देवीइतकेच नवल वाटावे असे आणखी काही तेथे आहे. ते म्हणजे तेथील डोंगर.

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडे-वेली येतात. हिंगोलमध्ये तसे काही नाही. सुमारे ६१०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १९८८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके डोंगर आणि मधून वाहणारी हिंगोल नदी. नदीच्या डोहांत मगरी आहेत, कड्यांवर रानबकरे आहेत. पाऊस मात्र अगदी थोडा. वाळवंट थेट समुद्राला जाऊन भिडावे, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसते.

तेथे जाण्याचा मार्ग कराचीहून. पूर्वी यात्रेकरू उंटांवरून किंवा पायी, पाण्याचे हाल सोसत, कित्येक दिवस चालत असत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मकरान किनाऱ्याचा महामार्ग झाला आणि तीच वाट काही तासांची झाली. नकाशा पुढे ठेवून या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, तर आधी चंद्रगुप नावाची चिखलाची टेकडी लागते. मग हिंगोल नदीचा पूल येतो. तेथून आत वळले की देवीचे स्थान. सरळ पुढे गेले तर कुंड मलीरचा समुद्रकिनारा आणि त्यानंतर बुझी घाट. या घाटातच ती प्रसिद्ध शिल्पे उभी आहेत. कोठे बुरूज, कोठे कळस, कोठे मोडक्या वाड्याच्या भिंती. एका उतारावर घोळदार झगा घातलेल्या स्त्रीसारखा एक सुळका आहे. त्याला ‘आशेची राजकन्या’ म्हणतात. हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोली २००२ साली या बाजूला आली असता तिने हे नाव दिले, असे सांगतात. जवळच इजिप्तमधील स्फिंक्ससारखा बसलेला एक सिंहही आहे.

ही शिल्पे कोणी घडवली? याचे उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांपैकी अरबी समुद्राचा तळ ज्यावर आहे तो तुकडा मकरानच्या किनाऱ्याजवळ उत्तरेकडील तुकड्याच्या खाली सरकत आहे. वेग वर्षाला काही सेंटिमीटरच. पण हे काम कोट्यवधी वर्षे चालू आहे. सरकणाऱ्या तळावर नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत. दाराखाली सतरंजी अडकून तिच्या घड्या पडाव्यात, तसा हा गाळ खरवडला जातो, दुमडतो आणि वर उचलला जातो. हिंगोलचे डोंगर म्हणजे हाच वर आलेला समुद्रतळ. आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हाचा टणक काळा दगड येथे नाही. चिखलाचा मऊ दगड आणि वाळूचा जरा कठीण दगड यांचे थर येथे एकावर एक आहेत.

पुढचे कोरीव काम पाऊस आणि वारा यांचे. शेताच्या बांधावर पहिला पाऊस पडून गेल्यावर नीट पाहावे. जेथे एखादा खडा असतो तेथे त्याच्याखालची माती तशीच राहते, भोवतालची वाहून जाते आणि बोटभर उंचीचा खांब तयार होतो. हिंगोलमध्ये हेच डोंगराच्या मापाने घडले आहे. कठीण थराने छत्री धरली, मऊ थर झिजला. माती धरून ठेवायला झाडझाडोरा नाही, त्यामुळे प्रत्येक ओघळ खोल चर पाडतो. वाळलेला चिखल तडकतो आणि सुटलेले कण वारा उडवून नेतो.

जेथे पाऊस क्वचित पडतो तेथे पाण्याने एवढे काम कसे केले, अशी शंका येईल. परंतु वाळवंटातला पाऊस क्वचित पडला तरी कोसळून पडतो. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिकंदराचे सैन्य हिंदुस्थानातून परतताना याच मकरानातून गेले. ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो की, तहानेने व्याकूळ झालेल्या सैन्याने एका लहानशा ओढ्याकाठी तळ दिला. रात्री दूर कोठे तरी झालेल्या पावसाने ओढ्याला लोंढा आला आणि लष्कराबरोबरच्या बायका-मुलांपैकी बहुतेक वाहून गेली. जे पाणी माणसांना असे ओढून नेते, त्याला मऊ डोंगर कोरणे काय अवघड?

हा खुलासा सर्वांना रुचत नाही. हा सिंह म्हणजे एखाद्या लुप्त संस्कृतीने खोदलेले मंदिरच, असे लिहिणारे आणि मानणारे पुष्कळ आहेत. त्याचे छायाचित्र पाहिले तर क्षणभर आपणही फसतो. पण त्याच्या अंगावरच्या आडव्या रेघा नीट पाहाव्यात. शेजारच्या कड्यांवरही तसेच थर दिसतात. ढगात हत्ती दिसतो तो आपल्या डोळ्यांमुळे. तशीच ही गोष्ट आहे.

आता मघाची चंद्रगुप टेकडी. जमिनीत खोल दाबलेल्या गाळात वायू साठतो. तो पाणी आणि चिखल घेऊन वर येतो आणि टेकडीच्या तोंडाशी बुडबुडत राहतो. हा ज्वालामुखीच, पण थंड चिखलाचा. हिंगलाजला जाणारे यात्रेकरू आधी येथे चढतात, आपली पापे उच्चारतात आणि नारळ वाहतात. २४ सप्टेंबर २०१३ रोजी या भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा ग्वादरजवळ समुद्रात असाच चिखल उसळून एक बेट वर आले. लाटांनी काही वर्षांतच ते पुसून टाकले. निसर्ग कसा घडवतो आणि मोडतो, हे लोकांनी डोळ्यांदेखत पाहिले. आशेची राजकन्याही अशीच एके दिवशी ढासळेल आणि दुसऱ्या कड्यातून दुसरी कोणी डोके वर काढील.

देवीचे स्थान मात्र यापेक्षा साधे आहे. सतीचे मस्तक येथे पडले, अशी कथा आहे. गुहेत घडवलेली मूर्ती नाही. आहे तो शेंदूर फासलेला ओबडधोबड पाषाण, आपल्याकडे ज्याला तांदळा म्हणतात तसा. परिसरातील मुसलमानही तिला ‘नानी’ म्हणून मान देतात. भोवती निसर्गाने इतके आकार उभे केले असताना श्रद्धेने आकार नसलेला दगड निवडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

वसंतातील यात्रेला पाकिस्तानातील हिंदू हजारोंनी जमतात. भारतीयांना तेथे जाणे सोपे नाही. २००६ साली माजी परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह राजस्थानातील मुनाबाव येथून यात्रेकरूंचा जथा घेऊन गेले होते. अशी उदाहरणे विरळाच. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची वाटही बंद झाली.

माणसांची वाट अडवता येते. समुद्राची येत नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळ हादरला आणि उठलेल्या लाटांनी तेथील गावे धुऊन नेली. काही तासांनी त्या लाटा मुंबईलाही पोहोचल्या आणि येथेही माणसे दगावली. ज्या हालचालीने हिंगोलचे डोंगर उचलले, तिचाच तो एक हिसका होता. ती हालचाल आजही थांबलेली नाही. म्हणूनच हैदराबाद येथील त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून सुमात्रा-अंदमानच्या बरोबरीने मकरानवरही लक्ष ठेवून असते. हिंगोलचे डोंगर पाहायला आपल्यापैकी किती जणांना मिळेल हे सांगवत नाही. पण ते ज्या समुद्रातून उठले, तोच समुद्र कोकणच्या किनाऱ्यालाही लागतो, एवढे आपण ओळखून असावे.